पट्टी अपुरी, बोल मात्र बाईला

सिगारेट सोडू पाहणारी बाई असो वा पुरुष, दवाखान्यात बहुधा एकाच मापाची निकोटीनची पट्टी हाती पडते. पण स्त्रीच्या शरीरात निकोटीनचा निचरा सरासरीने अधिक वेगाने होतो; गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो वेग आणखी वाढतो. मग पट्टी अपुरी पडली की बोल लागतो तो तिच्या मनोनिग्रहाला! 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 28 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात स्त्रियांना पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडवणाऱ्या औषधाचा गुण अधिक आला. पुरुषांत असा ठळक फरक दिसला नाही. हे सरासरीचे हिशेब आहेत, प्रत्येकीला लागू पडतीलच असे नाही, हा आक्षेप रास्त. पण औषध लिहिताना ‘गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का?’ एवढे विचारायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे बायका ओढतात कुठे? 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया 2 टक्केच होत्या, हे खरे. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मात्र 12.8 टक्के. तव्यावर भाजलेली मशेरी सकाळी हिरड्यांना चोळणाऱ्या बाईच्या रक्तातही निकोटीनच उतरते, आणि तिच्यासाठीच्या औषधांचा पुरावा तर आणखी तोकडा. व्यसनमुक्ती केंद्रांनी निदान आपल्या नोंदवहीत स्त्री-पुरुषांचे निकाल वेगवेगळे मांडावेत.