आजी, निरांजन आणि एक कर्व्ह

मास कॉमची डिग्री घेतलेल्या मुलीला घरात एकच हक्काचं काम मिळतं. शूटिंग. तेही फुकट! आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं ठरलं, तेव्हा काका सरळ म्हणाले, ''फोटोग्राफर कशाला? आपली आहे ना!'' मीही जोशात मित्राकडून भारीतला कॅमेरा मागून आणला. मेन्यूत 'लॉग' असा मोड दिसला. सिनेमावाले हाच वापरतात, एवढं ऐकून होते. केला सिलेक्ट.

संध्याकाळी हॉलमधले दिवे बंद झाले, निरांजनांचं ताट फिरलं, आजीच्या चेहऱ्यावर तो पिवळा उजेड... अंगावर काटा आला. रविवारी अख्खं खानदान टीव्हीसमोर बसवलं. आणि स्क्रीनवर काय? सगळं राखाडी. जणू चित्रावर कुणी पातळ ताक ओतलंय. आजी म्हणाली, ''अगं, अजून जिवंत आहे मी. भुतासारखी काय दाखवतेस?'' काका काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

रात्री डिलीटवर बोट ठेवूनच त्या मित्राला फोन केला. तो कलरिस्ट आहे. म्हणाला, ''हात लावू नकोस! सगळं आहे त्यात. फक्त उलटा कर्व्ह लावायचा राहिलाय.''

बारावीनंतर माझा आणि कर्व्हचा काही संबंध नव्हता. पण त्या रात्री त्याने जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते.

कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे प्रामाणिक कारकून. प्रकाश दुप्पट, तर सिग्नल दुप्पट. आपला डोळा तसा नाही. तो अप्रेझलसारखा वागतो. वीस हजार पगारावर दोन हजार वाढले की आपण पार्टी देतो. दोन लाखवाल्या बॉसला तेच दोन हजार जाणवतही नाहीत. डोळ्याचंही तेच. अंधारातला एवढासा फरक त्याला चटकन कळतो, भर उजेडातला तेवढाच फरक कळत नाही.

आता, साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. त्या कारकुनी पद्धतीने वाटल्या, तर सगळ्यात उजळ टप्प्यालाच निम्म्या, म्हणजे १२८ जातात. पुढच्या, निम्म्या उजेडाच्या टप्प्याला ६४, मग ३२, १६, आणि पाचव्या अंधाऱ्या टप्प्यावर उरतात फक्त आठ. तिथेच सावलीत पट्टे उमटतात. म्हणून प्रकाश आणि सिग्नल यांच्यामध्ये एक वाकडी रेषा बसवतात. तिचं नाव ट्रान्स्फर फंक्शन. कॉम्प्युटरच्या फोटोंसाठी १९९९ साली स्टँडर्ड झालेल्या एसआरजीबीच्या कर्व्हवर त्याच पाचव्या टप्प्याला साधारण २१ पायऱ्या मिळतात. बॉसचा बोनस कापून ट्रेनीला दिला म्हणा ना!

गंमत म्हणजे, ही रेषा मुळात डोळ्यासाठी आलीच नव्हती. जुन्या डबा टीव्हीची पिक्चर ट्यूब सिग्नलला आपोआप वाकवून दाखवायची, म्हणून पाठवतानाच त्याला उलटं वाकवावं लागे. तो उलटा बाक आपल्या डोळ्याच्या सवयीशी जवळजवळ जुळला. ट्यूब गेली, बाक राहिला.

लॉगचा कर्व्ह याहून जास्त वाकतो. निरांजनाच्या ज्योतीपासून कोपऱ्यातल्या काळोखापर्यंत शक्य तेवढं सगळं एकाच डब्यात कोंबतो. तो बघण्यासाठी नसतोच, जपण्यासाठी असतो. माझ्या टीव्हीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने नेहमीच्या किल्लीने कुलूप उघडलं आणि आजीचं भूत झालं. हल्ली फोनवर काढलेला एचडीआर व्हिडिओ साध्या प्रोजेक्टरवर कधीकधी फिका पडतो ना, तिथेही बहुतेक वेळा हाच घोळ. एचडीआरसाठीचा पीक्यू हा कर्व्ह २०१४ साली स्टँडर्ड झाला. एचएलजी हा दुसरा, बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने मिळून बनवलेला. दोन्हींची किल्ली वेगळी.

दुसऱ्या दिवशी मित्राने योग्य कर्व्ह लावला. ज्योत ज्योतीसारखी दिसली, आजीच्या नऊवारीचा जांभळा परत आला. मग त्याने सावल्या जरा उचलल्या. आजीच्या मागची काळी भिंत हळूहळू उजळली, आणि तिच्यावर हार घातलेला आजोबांचा फोटो दिसायला लागला. चुलतभावाने मोबाइलवर काढलेल्या फोटोत तिथे नुसता काळा ठोकळा आहे, आणि ताटात पांढरा डाग. तो डाग कायमचा गेला. सेन्सरच ओसंडला, की कुठलाच कर्व्ह कामाला येत नाही.

घरी परत तोच शो लावला. आजी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, ''म्हणजे हेही होते की तिथे.''

कुणीच काही बोललं नाही. मग काकांनी घसा खाकरला. ''पुढच्या महिन्यात मुंज आहे. तारीख लिहून ठेव.''

फुकटच. पण आता आधी मेन्यू वाचणार!