थांबलेलें काम

आमच्या एका वृद्ध सहाध्यापकांची दृष्टि अलीकडे मंदावली आहे. त्यांच्या जुन्या संस्कृत व्याकरणाचीं ४०० पानें ठळक, मोठ्या अक्षरांत काढून देण्याचें वचन आम्हीं दिलें होतें. प्रतिमांतून अक्षरें ओळखणारा टेसेरॅक्ट नांवाचा कार्यक्रम लिनक्सवर चालतो. पानांची यादी त्यास दिली, टर्मिनल मोकळें व्हावें म्हणून कंट्रोल व झेड हीं बटणें दाबलीं, आणि निश्चिंतपणें निजलों. प्रातःकाळीं पाहतों तों काम ४१व्या पानावरच!

ह्या बटणांनीं काम पडद्यामागें चालूं राहतें, हा आमचा भ्रम होता. तें केवळ स्थगित होतें. आमच्या सोलापुरांत एक विणकर अनेक यंत्रमाग सांभाळतो. धागा तुटून माग थांबला तरी अर्धी चादर मागावर तशीच राहते, व धागा सांधतांच तेथून पुढें विणली जाते. शेलमध्येंहि तसेंच. ‘जॉब्स’ ही आज्ञा दिली कीं कोणतें काम चालूं आहे व कोणतें थांबलें आहे, हें क्रमांकासह दिसतें. ‘बीजी’ म्हणतांच थांबलेलें काम मागें चालूं लागतें. ‘एफजी’ म्हणतां पुढें येतें. निजण्यापूर्वीं ‘बीजी’ हीं दोन अक्षरें तेवढीं लिहावयाचीं राहिलीं होतीं.

ही सोय ऑस्ट्रियांतील लाक्सेनबुर्ग येथें जे. ई. कल्प ह्यांनीं प्रथम घडविली. पुढें ती बर्कले येथील बिल जॉय ह्यांच्या सी शेलमध्यें आली.

‘किल’ ह्या आज्ञेचें नांव मात्र उगाच भयंकर. ती वस्तुतः संदेश पोंचविते. नुसती दिली तर कार्यक्रमास आवराआवर करण्यास अवसर मिळतो. उणे नऊ जोडल्यास तोहि मिळत नाहीं. उतावळ्या तरुणांस हा नऊच प्रिय!

टर्मिनलची खिडकी मिटली तरीहि काम बहुधा बुडतें. तेव्हां शेल ‘हँगअप’चा संदेश धाडतें, दूरध्वनीच्या तारेवरून संगणक वापरीत, त्या काळचें हें नांव. म्हणून दीर्घ कामाच्या आरंभीं ‘नोहप’ लिहावें. काम आधींच चालूं असल्यास ‘डिसओन’.

त्या दिवशीं ‘बीजी’ व ‘डिसओन’ देऊन, पुनःपुन्हा यादी पाहत आम्हीं दुपारपर्यंत बसलों. चार वाजतां पानें घेऊन गेलों, तों गुरुजी दारांतच खुर्ची टाकून बसलेले. पहिलेंच पान त्यांनीं डोळ्यांजवळ धरलें, आणि ‘ष’च्या जागीं ‘प’ पडल्याचें बोटानें दाखविलें.