गव्हर्नरलाही न सोडणारा नोकर

रहस्यकथेचा नायक म्हटला की अचूक नेमबाज, बेफिकीर गडी डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन लेखक सी. जे. बॉक्स यांचा जो पिकेट मात्र पिस्तुलाच्या नेमात कच्चा आणि घरात रमणारा. वायोमिंग राज्यात तो गेम वॉर्डन आहे. शिकाऱ्यांचे परवाने तपासायचे, चोरटी शिकार पकडायची, हे त्याचे काम. पगार तुटपुंजा. पत्नी मेरीबेथ आणि मुलींचा संसार सरकारी घरात कसाबसा चालतो.

विनापरवाना मासे धरले म्हणून त्याने गव्हर्नरवरही कारवाई केली. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडलेला. पण कायदा सर्वांना सारखा, एवढेच जो जाणतो.

२००१ सालच्या ‘ओपन सीझन’ या पहिल्या कादंबरीत एक चोरटा शिकारी जोच्या घरामागे, सरपणाच्या ढिगाजवळ मरून पडतो. त्याच ढिगात नामशेष समजलेला प्राणी दडलेला असतो. ही बातमी फुटली तर बड्या कंपनीची गॅसवाहिनी अडणार! त्याच कंपनीत भरपूर पगाराची नोकरी जोसमोर येते. थोरली शेरिडन तेव्हा अवघी सात वर्षांची, पण झळ तिच्यापर्यंतही पोचते.

२०२५ पर्यंत मालिकेच्या २५ कादंबऱ्या झाल्या. त्यांत मुली वाढल्या, शेरिडन कॉलेजात गेली. खुनाचा उलगडा तर होतोच. पण प्रामाणिकपणाची किंमत एकटा नोकरदार मोजत नाही, सारे घर मोजते, हे आम्हाला त्यात अधिक खरे वाटले. वाचकहो, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.