पाटी बदलली, साक्षीदार?

२८ मे जवळ आला की नगरच्या स्थापना दिनाची भाषणं सुरू होतात. १४९० ला अहमद निजामशहानं बहमनी फौज हरवली, पुढं त्याच जागी राजधानी वसली. मला शाळेत शिकवलेला इतिहास एवढाच : शहा, लढाई, परत शहा. मग एकदम १९४२, किल्ल्यात नेहरू-पटेल कैदेत. किल्ल्याचा खंदक कुणी खणला? कापूरवाडीकडनं शहरात पाणी आणणारे खापरी नळ कुणी भुईत गाडले? त्यांचं नाव कुठल्या बखरीत नाही.

त्या सगळ्यात मला आपला वाटतो तो काळ राजधानी पडल्यानंतरचा. १६०० साली चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारलं, किल्ला मोगलांनी घेतला. तेव्हा राज्य उचललं मलिक अंबरनं. बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम! परंड्याला त्यानं दुसरा मुर्तझा गादीवर बसवला आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. १६२४ ला नगरजवळ भातवडीत मोगल आणि विजापूर, दोघांची फौज लोळवली. जहांगीरनं तर अंबरच्या तुटक्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं होतं. रणात जमेना ते कागदावर. (काळ्या माणसाची भीती अशी असते.) मी अंबरला देव करत नाही. सारा त्यानंही वसूल केला, गावगाडा त्यानंही मोडला नाही.

२०२४ पासून जिल्ह्याची पाटी अहिल्यानगर. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्या बाईशी आपलं भांडण नाही. पण खर्डाही जामखेड तालुक्यातच आहे. एप्रिल २०१४ मध्ये तिथं आपला सतरा वर्षांचा पोरगा, सवर्ण मुलीशी बोलतो ह्या संशयावरून मारून झाडाला टांगला. साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ ला आरोपी सुटले. चांदबिबीच्या वेळची फितुरी पोरं घोकतात. खर्ड्याची कोण शिकवतो? पाटीसाठी मोर्चे निघाले, निवेदनं गेली, मंत्रिमंडळ बसलं. कोर्टात उलटणाऱ्या साक्षीदाराच्या मागं कोण उभं होतं, त्याची जमीन कुणाच्या बांधाला, तो मजुरीला कुणाच्या दारात, हे विचारायला कोण बसलं?

पुढच्या अंकाला कविता कमी पाठवा. आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. पाणी कुठनं आणायचे, कुणी अडवलं, कुठली केस का पडली, साल घालून लिहून घ्या. साक्षीदाराचं नाव मात्र छापू नका, त्याला गावात राहायचंय.