बटणे कळली, गणित राहिले

बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनांत विद्यार्थ्यांना बजावलेले असते की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. आणि बालभारतीच्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात अधूनमधून माहिती तंत्रज्ञानाच्या चौकटी भेटतात: जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर वापरून आकृत्या काढा, गुणधर्म पडताळून पाहा. एकाच राज्याची, एकाच विषयातली ही दोन तोंडे. त्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या शिक्षकांना काय शिकवले जाते?

बहुतेक वेळा सॉफ्टवेअर शिकवले जाते. गणिताच्या तासाला त्याचे करायचे काय, हे राहून जाते.

प्रशिक्षणाचे चित्र शिक्षकांना तोंडपाठ आहे. ऑर्डर निघते, सभागृहात प्रोजेक्टर लागतो, तज्ज्ञ मार्गदर्शक एकेक मेनू उघडून दाखवतात. बिंदू इथून, रेषाखंड इथून, कोन मोजायचा तर हे बटण. चहा होतो. मग ग्रुपवर टाकायला उपस्थितीचा फोटो, फीडबॅकची लिंक आणि प्रमाणपत्राचा पीडीएफ. यात मार्गदर्शकांचा दोष कमीच, कारण आकडेच अवाढव्य असतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या केंद्राच्या उपक्रमाने सुमारे ४२ लाख प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. पुढच्याच वर्षी कोविडमुळे तो ‘दीक्षा’ या मंचावर ऑनलाइन गेला. इतक्या लोकांना एका दमात काही सांगायचे तर ते व्हिडिओ आणि प्रश्नमंजूषेच्याच मापाचे होणार. पण शिलाई मशीनची पुस्तिका पाठ झाली म्हणून ब्लाउज बेतता येत नाही.

चौरसाचेच उदाहरण घेऊ. जिओजेब्रात चार बिंदू टिचकी मारून ठेवले, रेषाखंडांनी जोडले की पडद्यावर झकास चौरस दिसतो, कारण मागच्या जाळीवर बिंदू नेमके बसतात. आता एक कोपरा पकडून ओढला की चौरस वेडावाकडा होतो. दुसरा मार्ग असा: एक रेषाखंड घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना लंब टाकायचे, तेवढ्याच त्रिज्येची वर्तुळे काढायची आणि लंब जिथे वर्तुळांना छेदतात तिथे उरलेले दोन शिरोबिंदू मांडायचे. या चौरसाचे सुरुवातीचे टोक कसेही ओढा. तो मोठा होईल, लहान होईल, फिरेल, पण चौरसच राहील. पहिला नुसता चौरसासारखा दिसत होता, दुसऱ्यात चौरसाचे गुणधर्म बांधलेले होते. एक मोडला, दुसरा का मोडला नाही, हे मुलांना विचारले की भूमितीचा तास सुरू होतो. मेनूची ओळख करून देणाऱ्या प्रशिक्षणात हा प्रश्न यायला जागाच नसते.

सॉफ्टवेअर अडचणीतही टाकते. त्रिकोणाचे कोन मोजले आणि पडद्यावर ६०.२६, ५९.८७ आणि ५९.८८ दिसले, तर बेरीज १८०.०१ येते. वर्गातले एखादे चौकस पोर ती करतेच. sin ३० विचारताना अंशाचे चिन्ह राहिले, तर ०.५ ऐवजी उणे ०.९९ येते, कारण जिओजेब्रा चिन्ह नसलेली संख्या रेडियन समजते. हे आधी पाहिलेले शिक्षक त्यावरून आसन्न किमती आणि कोनमापनाच्या पद्धतींवर गप्पा मारतील. न पाहिलेले प्रोजेक्टर बंद करून पुन्हा फळ्याकडे वळतील, आणि त्यात त्यांचे काय चुकले? त्यामुळे प्रशिक्षणात यंत्र फसते ती ठिकाणे सर्वांत आधी दाखवायला हवीत.

त्यासाठी संगणक कक्षाचे कुलूप उघडण्याचीही गरज नाही. शेदोनशे रुपयांचा साधा कॅल्क्युलेटर पुरतो. त्यावर २ + ३ × ४ दाबले की उत्तर २० येते. सायंटिफिक कॅल्क्युलेटर १४ दाखवतो. ‘कंचेभागुबेव’ घोकणाऱ्या सहावी-सातवीच्या वर्गात दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली, तर नियम कशासाठी आहे ते मुलेच सांगतील. त्याच साध्या यंत्रावर १ भागिले ३, मग गुणिले ३ केले की १ ऐवजी ०.९९९९९९९ येते. आवर्ती दशांश अपूर्णांक नववीला शिकवायचा तर याहून बरी सुरुवात शोधूनही सापडणार नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप पाढ्यांचा असतो. यंत्र हातात दिले की मुले पाढे विसरतील, ही पालकांची भीती पोकळ नाही. इंग्लंडनेही २०१४ पासून प्राथमिक शाळेच्या शेवटच्या राष्ट्रीय चाचण्यांतून कॅल्क्युलेटर काढून टाकला. पण ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात पाचवीच्या मुलांपैकी भागाकार येणारी मुले जेमतेम ३० टक्के होती. हे खापर कॅल्क्युलेटरवर फोडता येणार नाही. तो या वर्गांत कधी आलाच नव्हता.

त्याच इंग्लंडमध्ये १९८६ साली हिलरी शुआर्ड यांच्या पुढाकाराने एक धाडसी प्रयोग झाला. प्राथमिकच्या मुलांच्या हाती कायमचा कॅल्क्युलेटर दिला आणि शिक्षकांना सांगितले की उभ्या मांडणीच्या ठरीव रीती शिकवू नका. मुले उलटसुलट बटणे दाबत ऋण संख्यांपर्यंत आणि दशांशांपर्यंत पुस्तकाच्या कितीतरी आधी पोहोचली, तोंडी हिशेबाच्या स्वतःच्या युक्त्या काढू लागली. मात्र त्या शिक्षकांना एकटे सोडलेले नव्हते. ते सतत एकत्र बसत, वर्गात काय घडले ते एकमेकांना सांगत.

अमेरिकेतला धडाही तोच. ओहायो स्टेट विद्यापीठातले फ्रँक डेमाना आणि बर्ट वेट्स हे दोन प्राध्यापक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उन्हाळी शिबिरांतून शाळाशिक्षकांना आलेख काढणारे कॅल्क्युलेटर शिकवू लागले. शिकवणारेही हळूहळू शाळेतलेच शिक्षक झाले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ हा आलेखी कॅल्क्युलेटर १९९० मध्ये आला आणि १९९५ पासून तिथल्या एपी कॅल्क्युलस परीक्षेत असे यंत्र आवश्यकच झाले. शिबिरांना पुढे याच कंपनीचे पाठबळ मिळाले. त्यात तिचा धंदा होताच, हे नजरेआड करू नये. तरी शिक्षकांची तयारी आधी आणि परीक्षेतला बदल नंतर, हा क्रम तिथे पाळला गेला.

मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन केंद्रात शिकलेले पुण्य मिश्रा आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये मांडले की विषयाचे, शिकवण्याचे आणि तंत्राचे ज्ञान सुटेसुटे असून भागत नाही, शिक्षकाजवळ त्यांचा मिलाफ लागतो. शिक्षणशास्त्रात ही मांडणी जगभर गाजली. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने टाटा ट्रस्ट्स आणि एमआयटी यांच्यासह २०१५ पासून चालवलेल्या ‘क्लिक्स’ प्रकल्पात भूमितीसाठी ‘पोलीस क्वाड’ नावाचा खेळ होता, आणि सोबत शिक्षकांच्या तयारीची आखणीही होती. हा प्रकल्प राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममध्ये राबवला गेला. संस्था मुंबईची, चार राज्यांच्या यादीत महाराष्ट्र नाही.

इथे सुरुवात करायला नवी योजना काढण्याची गरज नाही. शाळांच्या समूह केंद्रावर शिक्षण परिषदा भरतातच. त्यातल्या एकीत गणिताच्या शिक्षकांनी पुढच्या आठवड्यात वर्गात घ्यायचा एकच घटक मोबाइलवर एकमेकांना शिकवून पाहावा आणि पुढच्या परिषदेत काय फसले ते सांगावे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे पाठ मोफत आहेत. बटणांची ओळख घरी त्यावर होऊ द्यावी, परिषदेतला वेळ गणितासाठी ठेवावा. आणि नववी-दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे जे २० गुण आहेत, त्यांतले चार-पाच अशा एखाद्या कृतीला मिळाले, तर बोर्डाच्या लेखी परीक्षेला हात न लावताही मुले आणि पालक ती मनावर घेतील. शिक्षक अर्धा डझन कॅल्क्युलेटरचा संच आणि महिन्याचा डेटा मागतील तेव्हा पैसे कोणत्या शीर्षाखाली द्यायचे, तेवढे शिक्षण विभागाने आधी ठरवून ठेवावे; आज अनेक शाळांत तो खर्च शिक्षकांच्याच खिशातून होतो.