लक्ष्याला परत आणू नका!

एआय वापरून लक्ष्मीकांत बेर्डेला पुन्हा पडद्यावर आणायची चर्चा मध्यंतरी चांगलीच रंगली होती. १६ डिसेंबर २००४ ला, जेमतेम पन्नाशीत गेलेला माणूस आता सॉफ्टवेअरमधून उठून उभा राहणार म्हणे. आमच्या हिंजवडीतल्या यच्चयावत ग्रुपांवर हार्ट आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मला मात्र ही कल्पना अजिबात पटलेली नाही.

तंत्र जमणार नाही म्हणून नव्हे. जमेल, आणि छान जमेल. पण मॉडेल कसं शिकतं हे आपल्या लाईनमधल्या लोकांना तरी सांगायला नको. ढिगात जे जास्त, ते पक्कं. जे एकदाच घडलं, ते जवळजवळ नाहीच. आता लक्ष्याच्या ढिगात जास्त काय आहे? बटाट्याएवढे डोळे, त-त-प-प, भुताला बघून मारलेली उडी, पँट सावरत पळणं. यंत्र तेच शिकणार आणि तेच ओकणार. म्हणजे मराठी निर्मात्यांनी आणि आपण प्रेक्षकांनी त्या माणसाचं जिवंतपणी जे केलं, तेच आता मेल्यावर, फक्त जास्त कार्यक्षमतेनं!

जरा हिशोब मांडू. 'टुरटुर' नाटकानं नाव झालं, १९८४ च्या 'लेक चालली सासरला'मधून सिनेमात आला, १९८५ च्या 'धूमधडाका'नं तो घराघरात पोचला. मग 'दे दणादण', 'अशी ही बनवाबनवी', 'थरथराट', 'धडाकेबाज'. पाच-सहा वर्षं नुसता धुमाकूळ. तोपर्यंत मराठी नायक म्हणजे फेटेवाला पाटील नाहीतर देखणा गोरागोमटा. हा लुकडासुकडा, चाळीतला वाटणारा पोरगा मधे घुसला आणि पोस्टरवर मोठा झाला. हे सोपं नव्हतं.

आणि तो नुसता माकडचाळे करणारा होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी 'बनवाबनवी' (१९८८) एकदा आवाज बंद करून पाहावा. आपण सगळे त्या सत्तर रुपयांच्या वाक्यात अडकलोय. पण पार्वती झालेला लक्ष्या बघा. पदर सावरतानाचा हात, मधूनच पुरुषी पडणारं आणि पुन्हा सावरलेलं पाऊल. बाई झालेल्या पुरुषाची टिंगल करणं सोपं असतं. तो टिंगल करत नाही, तो पकडलं जाण्याच्या भीतीचा अभिनय करतो. म्हणून ते आजही शिळं होत नाही.

मग आलं १९९२. जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक'. पटकथा-संवाद साक्षात पुलंचे, गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा स्टार होतो, राजकारणाच्या नादी लागतो, जगाला हसवतो आणि स्वतःच्या लेकीला हसवू शकत नाही. सिनेमा थोडा लांबलाय, मान्य. पण त्यात लक्ष्या जे करतो ते बघून पोटात गोळा येतो. हसवायची सवय लागलेला चेहरा हसवायचं नाकारतो तेव्हा काय दिसतं, ते तिथे आहे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

आणि थेटरात? प्रेक्षक फिरकलाच नाही. "लक्ष्याचा सिनेमा आहे आणि हसूच येत नाही", झालं. पुढच्याच वर्षी 'झपाटलेला' आला, तो मात्र डोक्यावर घेतला. 'झपाटलेला' वाईट नाही हो, मलाही आवडतो. पण एका वर्षाच्या अंतरानं आपण त्या माणसाला किती स्वच्छ फीडबॅक दिला बघा. अप्रेझलमध्ये मॅनेजर सांगतो ना, "नवीन काही करू नकोस, गेल्या वर्षीचंच कर." अगदी तसंच.

यावर लोक म्हणतात, हिंदीत गेला आणि वाट लागली. 'मैंने प्यार किया', 'बेटा', 'हम आपके हैं कौन', सगळीकडे नोकर. खरं आहे. पण 'हम आपके'मध्ये 'आपला माणूस आहे' म्हणून कॉलर ताठ करणारे कोण होते? आपणच! हिंदीनं त्याला एका खोक्यात टाकलं, पण ते खोकं आपणच आधी बनवून ठेवलं होतं. त्यांनी फक्त लेबल बदललं.

दुसरा मुद्दा, की बाबा, सिनेमे त्यानंच निवडले ना? हो, निवडले. नव्वदीच्या उत्तरार्धातले काही तर दहा मिनिटंही बघवत नाहीत, उगाच भक्ती नको. पण नटाचं दुकान प्रेक्षकाच्या तिकिटावर चालतं. एकदा वेगळा माल ठेवला, गिऱ्हाईक परत गेलं. दुसऱ्यांदा तो कशाच्या जोरावर ठेवणार? आणि विनोद म्हणजे वयाचा खेळ. पंचविशीतला धांदरट गोड वाटतो, पंचेचाळिशीतला दमलेला दिसतो. २००४ च्या 'पछाडलेला'पर्यंत नायक दुसरेच झाले होते. त्याच्या जोडीचा अशोक सराफ टिकला, वयाप्रमाणे भूमिका बदलत गेला. २०२५ मध्ये पद्मश्रीही झाला. लक्ष्याला तेवढी वर्षंच मिळाली नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की एआयचा लक्ष्या ही श्रद्धांजली नाही. तो वयस्कर होणार नाही, थकणार नाही, आणि मुख्य म्हणजे कधीच म्हणणार नाही की "जब्बार, मला काहीतरी वेगळं करायचंय." नाही म्हणू न शकणारा नट हे प्रत्येक निर्मात्याचं स्वप्न असतं. ते पुरवायला आपण कोड लिहू नये.

करायचंच असेल तर दोन गोष्टी करा. या वीकेंडला 'बनवाबनवी' विसाव्यांदा लावण्याऐवजी 'एक होता विदूषक' शोधून बघा. आणि आजच्या विनोदी नटांना जिवंतपणी दुसरी संधी द्या. भाऊ कदमनं २०१९ मध्ये 'नशीबवान'मध्ये सफाई कामगार केला होता. आपल्यापैकी किती जण तिकीट काढून गेले? कोथरूडच्या मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला तीनशे रुपये मोजणारे आपण, "भाऊ आहे ना, मग कॉमेडी असेल तर बघू" म्हणतो. पुढचा लक्ष्या असाच तयार होतोय, आणि वीस वर्षांनी आपण त्याचंही मॉडेल ट्रेन करू.

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण आधी सिनेमा बघा, मग भांडायला या.