हिरड्यांकडे लक्ष द्या

"वय झाले, दात पडणारच!" असे घरोघरी म्हणतात. मला हे पटत नाही. पुष्कळदा दात वयामुळे नव्हे, तर हिरड्यांच्या रोगामुळे पडतात.

दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो साफ केला नाही, तर हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते. पुढे दातांना धरून ठेवणारे हाड झिजते. तंबाखू आणि मधुमेह यांमुळे हा धोका वाढतो. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. विडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून रोग लपून राहतो.

आपल्याकडे अनेक स्त्रिया दातांना मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच! महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण घरातल्या मिश्रीच्या डबीवर बंदी कोण घालणार?

मुलांनो, हे काम तुमचे आहे. अम्मीला, दादीला प्रेमाने समजवा. अब्बांना मधुमेह असेल, तर त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. पडलेल्या दातांच्या जागी कवळी बसवता येते. झिजलेले हाड मात्र सहसा परत येत नाही.